सौर वीजकेंद्र उभारण्यापूर्वी

आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाची टंचाई आहे, असे कोणी म्हणणार नाही. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील बेला, जैनथ, तामसी ह्या भागात वैशाखातील दुपार ज्याने काढली आहे, त्याला सूर्याच्या सामर्थ्याची ओळख वेगळी करून द्यावयास नको. तेव्हा ‘हे एवढे ऊन वाया जात आहे, त्याची वीज करून सरकारला विकली तर काय बिघडले?’ असा प्रश्न कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात उद्भवला, तर ते स्वाभाविकच होय. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न घेऊन गावोगाव माणसे फिरत आहेत. कोणी योजनेची माहिती सांगतो, कोणी कर्ज मिळवून देण्याचे आश्वासन देतो, कोणी जमीन पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागतो. गावात शाळामास्तराकडे लोक असले कागद वाचून घेण्यास येतात. आकडेमोड हा माझा नित्याचा व्यवसाय असल्यामुळे ह्या कागदांतील हिशेब कसा तपासावा, एवढेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रथम आपण ज्याविषयी बोलत आहोत ते केंद्र म्हणजे काय, हे स्पष्ट करू. घराच्या छपरावर बसविलेली चार पॅनेले किंवा विहिरीवरचा सौर पंप हा आजचा विषय नव्हे. शेतात सुमारे चार ते पाच एकर जागेवर पॅनेलांच्या रांगा उभ्या करावयाच्या, त्यांतून निघणारी वीज इन्व्हर्टरमधून व रोहित्रातून नेऊन ११ हजार व्होल्टच्या तारेने जवळच्या सबस्टेशनला पोहोचवावयाची आणि ती वीज कंपनीला विकावयाची, असा हा उद्योग आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘प्रधानमंत्री कुसुम’ नावाची योजना आणली. तिच्या पहिल्या भागात शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती इत्यादींना ५०० किलोवॉटपासून २ मेगावॉटपर्यंतचे केंद्र उभारता यावे, अशी तरतूद करण्यात आली. जागा सबस्टेशनपासून पाच किलोमीटरांच्या आत असावी, पडीक किंवा नापीक जमिनीस प्राधान्य असावे आणि वीजखरेदीचा करार पंचवीस वर्षांचा असावा, हे तिचे मुख्य विशेष. तेलंगणात ह्या विजेचा दर युनिटला ३ रुपये १३ पैसे असा ठरविण्यात आला. अशा योजनांच्या अटी व मुदती बदलत असतात, यास्तव अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या अटी कार्यालयातून लेखी मिळवाव्यात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तेलंगणात शेतीपंपांना वीज विनामूल्य आहे. तेव्हा हे केंद्र आपले वीजबिल वाचविण्यासाठी नाही. त्याचे उत्पन्न म्हणजे वीज विकून येईल तेवढेच. म्हणून त्याच्याकडे सोय म्हणून पाहता येणार नाही. ते व्यापार म्हणूनच पाहिले पाहिजे.

आता उन्हाचा विचार करू. १ मेगावॉटचे केंद्र म्हणजे दर तासाला हजार युनिटे देणारे यंत्र, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक रात्र आहे, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आहे, आषाढ-श्रावणातील ढग आहेत. वर्षातील ८,७६० तासांची सरासरी काढली, तर आपल्या भागात असे केंद्र पूर्ण शक्तीच्या सुमारे सतरा टक्के काम करते, असे धरावयास हरकत नाही. म्हणजे वर्षाकाठी सुमारे १५ लाख युनिटे. ‘वर्षाला २५ लाख युनिटे निघतील’ असे सांगणारा मनुष्य भेटला, तर त्याला चहा द्यावा, परंतु सही देऊ नये.

दुसरी मौज अशी की, पॅनेलाला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. कारखान्यात पॅनेलाची शक्ती मोजतात ती त्याचे तापमान २५ अंश असताना. त्यापुढे प्रत्येक अंशाला तिच्यात शेकडा एकतृतीयांशाहून थोडी अधिक घट होते. मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा उन्हात तापलेले पॅनेल ६५ अंशांवर सहज पोहोचते आणि शक्तीचा सातवा हिस्सा तेथेच हरपतो. म्हणजे ज्या उन्हाने आपण हैराण होतो, ते उन्ह जितके प्रखर तितकी वीज अधिक, असे सरळ गणित नाही. उलटपक्षी हिवाळ्यात आदिलाबादला थंडी चांगली पडते आणि आकाश निरभ्र असते. ते दिवस लहान असले, तरी पॅनेलांना मानवतात.

तथापि ऊन ही ह्या प्रश्नाची सर्वांत सोपी बाजू आहे. जर्मनीसारख्या ढगाळ देशात आपल्याहून पुष्कळच कमी ऊन पडते. तरीही त्या देशाने २०२५ च्या आरंभी सौर विजेचा एक लाख मेगावॉटांचा टप्पा ओलांडला. तेथील यश नुसत्या उन्हावर अवलंबून असते, तर हे घडलेच नसते. आपल्याकडे ऊन आहेच. कमी पडण्याचा संभव आहे तो जमिनीच्या बाजूने, तारेच्या बाजूने आणि हिशेबाच्या बाजूने. तेव्हा ह्या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

जमिनीविषयी पहिला मुद्दा तिच्या जातीचा. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ज्या जमिनीत घराच्या भिंतींना तडे जातात, तेथे शेकडो लोखंडी खांब पंचवीस वर्षे एका रेषेत उभे ठेवावयाचे आहेत. त्यासाठी पाया खोल न्यावा लागतो आणि खर्च वाढतो. माळरान किंवा मुरमाड बरड ह्या कामास अधिक योग्य. शिवाय पिकाची जमीनही वाचते. माती तपासल्यावाचून खर्चाचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जागेच्या दक्षिणेस मोहाचे किंवा सागाचे उंच झाड आहे काय, हेही पाहावे. पॅनेले माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की, तिचा परिणाम साऱ्या माळेच्या उत्पन्नावर होतो.

पाण्याचा विचार कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. १ मेगावॉटच्या केंद्रात आजकालच्या मापाची अठराशे ते दोन हजार पॅनेले असतात. कच्च्या रस्त्याची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांतील कापसाचे तंतू त्यांवर बसतात. प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी धरले, तरी एका धुण्याला चार ते सहा हजार लिटर लागतात. असे धुणे पावसाळा सोडून दर पंधरवड्याला तरी हवे. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात, तेथे हे पाणी कोठून आणणार? बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर काचेवर पांढरा थर बसतो आणि धुण्याचा हेतूच विफल होतो.

दुसरा मुद्दा जमिनीच्या हक्काचा, आणि तो अधिक गंभीर आहे. आपल्या जिल्ह्यातील उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर इत्यादी पुष्कळ भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम लागू आहे व तो १९७० मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यान्वये त्या क्षेत्रातील जमीन आदिवासी नसलेल्या व्यक्तीच्या हाती जाऊ शकत नाही, आणि हस्तांतरण ह्या शब्दात केवळ विक्रीच नव्हे, तर गहाण व भाडेपट्टाही येतो. गोंड, कोलाम, परधान ह्या आपल्या बांधवांच्या जमिनी सावकारी व्यवहारांतून कशा गेल्या, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो ह्या कायद्याला अडथळा म्हणणार नाही; तो बांध आहे. ‘कागद दुसऱ्याच्या नावे करू, नुसती सही द्या’ असे म्हणणारा दलाल आला, तर त्याला पाटीलवाड्यासमोर, चार माणसांत बोलावयास सांगावे. सरकारने भूमिहीनांना दिलेल्या जमिनीही १९७७ च्या कायद्याने हस्तांतरणास बंद आहेत. म्हणून पासबुक हातात घेऊन महसूल कार्यालयात जमिनीचा प्रकार पाहणे, ही पहिली पायरी होय. पॅनेलांची किंमत विचारणे ही नंतरची.

आता तारेकडे वळू. आपल्या जिल्ह्याची वीज उत्तर तेलंगण वीज वितरण कंपनीकडे असून तिचे मुख्य कार्यालय हनमकोंड्यास आहे. केंद्रापासून सबस्टेशनपर्यंतची ११ हजार व्होल्टची तार कुसुम योजनेत केंद्राच्या मालकानेच टाकावयाची असते. कागदावर पाच किलोमीटर हे अंतर सरळ रेषेत दिसते, परंतु तार ओढा, वनखात्याची हद्द आणि दुसऱ्याचे शेत चुकवीत जाते. उदाहरणादाखल किलोमीटरला आठ लाख रुपये खर्च धरला, तर एक किलोमीटर आणि पाच किलोमीटर ह्यांतील फरक बत्तीस लाखांचा होतो. ५०० किलोवॉटचे लहान केंद्र केले, म्हणून तार अर्धी होत नाही. लहान केंद्र दूर उभारणे म्हणजे एक पोते धान्य बाजारात नेण्यासाठी अख्खा ट्रक भाड्याने घेण्यासारखे आहे.

ह्यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती नीट समजावून घेतली पाहिजे. सबस्टेशनची वीज गेली की, आपले केंद्रही बंद पडते. लख्ख ऊन असले, पॅनेले नवीन असली, तरीही बंदच. हा यंत्राचा दोष नसून ती मुद्दाम केलेली योजना आहे. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेला लाइनमन तार मृत आहे असे समजून तिला हात लावतो. त्या क्षणी कोणा शेतकऱ्याच्या केंद्रातून तीत वीज येत असेल, तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेतील वीज नाहीशी होताच इन्व्हर्टर आपोआप थांबलाच पाहिजे, असा नियम आहे. तो योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा की, ज्या गावात दुपारी वीज वारंवार जाते, त्या गावातील सौर केंद्रही दुपारी वारंवार बसून राहते.

हा तोटा केवढा, हे पाहण्यासाठी आता पूर्ण हिशेब मांडू. पाटी-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी. हे आकडे नमुन्याचे आहेत; प्रत्येकाने त्यांत आपापले आकडे घालावयाचे आहेत.

१ मेगावॉटच्या केंद्राला तारेसह साडेतीन कोटी रुपये लागले, असे धरू. त्यांपैकी सत्तर टक्के, म्हणजे २ कोटी ४५ लाख, बँकेचे कर्ज. उरलेले १ कोटी ५ लाख स्वतःचे. वर्षाला १५ लाख युनिटे, ३ रुपये १३ पैसे दराने, म्हणजे उत्पन्न सुमारे ४७ लाख. कर्ज पंधरा वर्षांचे व व्याज दहा टक्के धरले, तर वार्षिक हप्ता सुमारे ३२ लाख २० हजार. राखणदार, धुलाई, विमा, दुरुस्ती आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्यासाठी बाजूला ठेवावयाची रक्कम मिळून साडेसहा लाख. शिल्लक राहिली सव्वाआठ लाख. स्वतःच्या १ कोटी ५ लाखांवर हे आठ टक्क्यांच्याही आत आहे. बँकेतील मुदतठेवीपेक्षा थोडेसे अधिक, आणि जोखीम मात्र पुष्कळ अधिक.

आता ह्या हिशेबात एकच फरक करू. वर्षातील तीनशे दिवस दुपारी एक तास, केवळ एक तास, वीज जाते असे समजा. भर दुपारी असे केंद्र तासाला सुमारे ७५० युनिटे देते. तीनशे तासांची सव्वादोन लाख युनिटे बुडाली, म्हणजे सात लाख रुपये गेले. सव्वाआठ लाखांतून सात लाख वजा केल्यावर मालकाच्या हाती राहते ती एखाद्या नोकरदाराच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम. सूर्याने काही कमी केले नाही, यंत्र बिघडले नाही. दुपारच्या एका तासाने सगळा नफा नेला.

म्हणूनच माझे असे मत आहे की, केंद्र करावे की करू नये, ह्या प्रश्नाचे उत्तर आकाशात नाही, ते सबस्टेशनच्या नोंदवहीत आहे. तेथील ऑपरेटर वीज केव्हा गेली व केव्हा आली, हे वहीत लिहीत असतो. आपले केंद्र ज्या ठिकाणी जोडले जाणार, तेथील मागील वर्षभराच्या दुपारच्या नोंदी मागाव्यात. सरळ मिळाल्या नाहीत, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याचप्रमाणे त्या सबस्टेशनच्या रोहित्राची क्षमता किती, दुपारी तेथे विजेची मागणी किती आणि आपल्यापूर्वी आणखी किती केंद्रांना परवानगी मिळाली आहे, हेही विचारावे. वीजखरेदी करारातही, तार बंद राहिल्यास किती तासांपर्यंतची हानी मालकाने सोसावयाची, हे कलम बोट ठेवून वाचावे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोळाव्या वर्षी कर्जाचा हप्ता संपतो. पॅनेलांचे उत्पादन दरवर्षी शेकडा अर्ध्याच्या आसपास घटत गेले, तरी तोपर्यंत ते नऊ-दशांशाहून फारसे खाली गेलेले नसते. खर्च वाढलेला असला, तरी शेवटची दहा वर्षे वर्षाकाठी पंचवीस-तीस लाख हाती पडू शकतात. परंतु दर मात्र पंचवीस वर्षे तोच, ३ रुपये १३ पैसे. कापसाचा हमीभाव वाढतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याचा भाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. विजेचा भाव करारात गोठलेला असतो. तेव्हा ज्याच्याजवळ पंधरा वर्षे धीर धरण्याइतके भांडवल आहे, त्याला हा उद्योग परवडेल. ज्याने बहिणीच्या, भावाच्या व सोसायटीच्या पैशांतून आपला एक कोटी जमविला, त्याला पहिला वाईट पावसाळाच जड जाईल. आपल्या जिल्ह्याने कर्जापायी गेलेले शेतकरी पाहिले आहेत. कापसाचे कर्ज लाखांत असते, हे कोटींत आहे, एवढे विसरू नये.

मग लहान शेतकऱ्याने हा नाद सोडूनच द्यावा काय? तसे नाही. त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, जमीन भाड्याने देण्याची. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तेव्हा आरंभीच्या प्रयोगासाठी राळेगणसिद्धीबरोबर आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी हे गाव निवडण्यात आले होते. २०२३ मध्ये योजनेचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, असे ठरविण्यात आले. आपल्याकडे भाडेपट्ट्याचा मसुदा पुढे आला, तर हा आकडा ताडून पाहण्यास उपयोगी पडेल. भाडे दरवर्षी वाढते काय, कंपनी बुडाली तर लोखंड कोण उचलणार आणि पंचविसाव्या वर्षी जमीन मोकळी करून देण्याचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून सही करू नये. मात्र अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासी कंपनीला भाडेपट्टा देण्याची वाट कायद्यानेच बंद आहे.

दुसरी वाट एकत्र येण्याची. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. तेथे २०१६ च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून आपल्या सौर पंपांची उरलेली वीज कंपनीला विकण्यास आरंभ केला. सहाच माणसे, परंतु मोजणी एकत्र, करार एक आणि बोलणी करणारा आवाज एक. तेलंगण शासनानेही २०२४ मध्ये महिला बचतगटांच्या हातून एकूण एक हजार मेगावॉटांची सौर केंद्रे उभारण्याचा संकल्प सोडला. आदिवासी गावांत तर हीच वाट अधिक सयुक्तिक दिसते. जमीन गावाची, गट गावाचा, तेव्हा कायद्याचा बांधही शाबूत राहतो. पण गट झाला म्हणून गणित बदलत नाही. नोंदवहीतील दुपारचा तो एक तास बचतगटालाही तितकाच महाग पडतो.

श्रोतेहो, शाळेत मुलांना उदाहरण घातले की, काहींना वाटते, उत्तर मोठे आले म्हणजेच ते बरोबर. तसे नसते. ‘येथे केंद्र करू नये’ हेही तपासणीअंती निघालेले एक बरोबर उत्तरच आहे, आणि त्यासाठी माती-परीक्षणावर खर्च झालेले काही हजार रुपये वाया गेले, असे समजू नये. त्यांनी एक कोटी वाचविले. आणि उत्तर ‘करावे’ असे आले, तर मग निर्धास्तपणे करावे. सबस्टेशन जवळ, तार बळकट, जमीन बरड व निर्वेध, पाणी गोडे आणि भांडवल धीराचे, अशा पाच गोष्टी एका ठिकाणी जुळून आलेली गावे आपल्या जिल्ह्यात खचित आहेत. ती शोधून काढण्यासाठी पॅनेल विकणाऱ्याची गरज नाही. गावातील एखादा हिशेबी तरुण, एक वही आणि सबस्टेशनपर्यंतच्या चार फेऱ्या एवढे पुरे आहे. हे काम येत्या उन्हाळ्यात कापूस वेचून झाल्यावर, लग्नसराईपूर्वी, हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.